बटणांचा डबा

२ तारीख, सोमवार

औषधाच्या दुकानदाराने यंदाही फुकट डायरी दिली. एरवी मी तिच्यात गिऱ्हाइकांची मापं लिहायचो. आता टेलरिंगचं दुकानच बंद केलंय, तर मापं कुणाची लिहिणार? म्हणून स्वतःचंच लिहायला बसलोय. लेक म्हणाली, लिहा बाबा, तेवढाच माझ्या कानांना आराम. गमतीने म्हणाली, पण पोटातलं ओठावर आलं असणार.

दुकान सोडून लेकीकडे राहायला आलो तेव्हा बरोबर मशीन आणलं, कात्री आणली आणि बटणांचा पत्र्याचा डबा आणला. बाकी सगळं विकलं. मशीन खिडकीपाशी लावलंय, त्याला लागून माझी कॉट, आणि या दोहोंच्या मधल्या बोळात दिवसभर माझी नात. वय वर्षं तीन. खरं नाव मोठं छान आहे, पण सारखी स्वतःभोवती फिरत असते म्हणून मी तिला भिंगरी म्हणतो. मी शिवत असलो की ती खाली बसून बटणं लावते, लाल लालमध्ये, निळं निळ्यात. चुकली तर स्वतःलाच रागावते. या घरात माझं म्हणणं पूर्ण ऐकून घेणारं तेवढं एकच माणूस आहे.

लेक एका मोठ्या लॉन्ड्रीत चादरींवर देखरेख करते, सकाळी जाते ती दिवेलागणीला येते. जावईबापू पार्ट्यांमध्ये ड्रम बडवतात, पहाटे उगवतात आणि दुपारपर्यंत आडवे. म्हणजे पोरीकडे बघायचं कुणी, तर मी. त्याची तक्रार नाही. तक्रार आहे झोपेची. डोळ्याला डोळा लागत नाही. दुसरी तक्रार साखरेची. माझ्या रक्तात साखर निघाल्यापासून लेकीने घरात गोडावर बंदी घातली आहे. चहासुद्धा बिनसाखरेचा. तुरुंगात याहून बरा मिळत असेल.

आज जुन्या गल्लीत चक्कर टाकली. माझ्या दुकानाला लागून चष्मेवाल्याचं दुकान, आयुष्यभराचा शेजार. माझा चेहरा बघून त्याने विचारलं, काय रे, आजारी आहेस का? झोपेचं सांगितलं. त्याने इकडेतिकडे बघून ड्रॉवरमधून एक पुडी काढली. त्याची मुलगी परदेशात असते, ती पाठवते. जेली आहे. चौकोनी, लाल, वरून साखर भुरभुरलेली. म्हणाला, पानाफुलांची आहे, झोपेला एकदम उत्तम, पण अर्धीच घे आणि कुठे बोलू नकोस. अर्धीच म्हणे! हा पहिल्यापासून चिकट. चष्म्याबरोबर पुसायचं फडकं देतानाही याचा हात अडखळायचा.

४ तारीख, बुधवार

काल झोपायच्या आधी एका जेलीचे कात्रीने दोन तुकडे केले आणि अर्धा खाल्ला. चव बरी आहे, मागून जरा कडवट. बराच वेळ काहीच नाही. मनातल्या मनात चष्मेवाल्याला दोन शिव्या हासडल्या. मग पंखा फारच सावकाश फिरतोय असं वाटायला लागलं आणि त्याचं इतकं हसू आलं की तोंडावर उशी दाबावी लागली. त्यानंतरचं काही आठवत नाही. सकाळी लेकीने गदागदा हलवलं तेव्हा जाग आली. घसा कोरडा पडला होता, पण झोप म्हणजे काय झोप!

दुपारी लेकीच्या ऍप्रनला खिसा लावला. लावून झाल्यावर बघतो तर आतल्या बाजूने. उभ्या आयुष्यात असं केलं नव्हतं. वय झालं, दुसरं काय. भिंगरी मात्र खूष झाली, म्हणाली, आबा, लपलेला खिसा.

८ तारीख, रविवार

लेकीने माझ्या सदऱ्याच्या खिशात बिस्किटाचा चुरा धरला आणि घर डोक्यावर घेतलं. बाबा, तुमचे पाय कापावे लागले तर मी काय करू, तुम्हाला काही वाटतं का, वगैरे. जावईबापू दारात उभे राहून हसत होते. मला अगदी मेल्याहून मेल्यासारखं झालं. माझ्या घरी असतो तर एकाची हिंमत झाली नसती.

म्हणून आता जेलीची जागा बदलली. औषधांचं कपाट वर आहे, भिंगरीच्या भीतीने लेकीने त्याला कुलूप लावलंय आणि किल्ली स्वतःजवळ ठेवलीय. तिथे ठेवायची म्हणजे तिला दाखवायची, आणि साखर लावलेली जेली बघितली की संपलंच. बटणांच्या डब्याला मात्र ती कधी हात लावत नाही. डब्याच्या तळाशी बॉबिनची छोटी डबी आहे, तिच्यात ठेवली. काल चष्मेवाल्याकडून आणखी आणल्यात. सगळ्यांचे तुकडे करून ठेवले, म्हणजे रोज कात्री शोधायला नको.

जावईबापूंबद्दल आज लिहूनच टाकतो. पहाटे येतात तेव्हा अंगाला सिगारेटचा वास, डोळे लालबुंद. विचारलं तर म्हणतात हॉलमध्ये धूर असतो, मी ओढत नाही. केस खांद्यापर्यंत. कितीही दमून आले तरी आधी अंघोळ करतात आणि मगच पोरीला घेतात, हा एक शहाणपणा आहे. तिला छातीवर घेऊन पाठीवर बोटांनी ठेका धरतात, त्यावर ती झोपते. नुसते लाड. लेकीने याच्यात काय बघितलं, मला आजवर कोडं उलगडलेलं नाही.

१२ तारीख, गुरुवार

हॉस्पिटलच्या व्हरांड्यात बसून लिहितोय. डायरी मांडीवर आहे, अक्षर कसंही येतंय.

काल दुपारी भिंगरी जेवून बटणांशी खेळत बसली होती. माझी तिच्याकडे पाठ होती, शेजारच्या बाईंचे पडदे दुमडत होतो. जावई आत झोपलेले. बऱ्याच वेळाने ती उठली आणि झोकांड्या खात माझ्याकडे आली. मला वाटलं, फिरून फिरून चक्कर आली. हसलो मी. ती बसकण मारून पडली आणि तीही हसली. मग तिचे डोळे मिटायला लागले. कॉटवर निजवली तर कुरकुर न करता झोपली. एरवी दुपारी झोपायला केवढा तमाशा. शहाणी झाली पोर, असं म्हणून मी उरलेले पडदे संपवले. हे लिहिताना मला माझीच लाज वाटतेय.

जावई उठून बाहेर आले, तिला उचलायला वाकले आणि ओरडले, "बाबा, ही उठत का नाही?" मान लुळी पडली होती. गालावर चापट मारली तरी पापणी हलेना. श्वास इतका संथ की मला तो दिसेचना. जावई तसेच, अंगात शर्ट नाही, पायात चप्पल नाही, तिला छातीशी धरून जिना उतरले आणि रस्त्याच्या मधोमध उभे राहून गाडी थांबवली.

इथे आल्यापासून प्रश्नच प्रश्न. डोक्यावर पडली का? ताप होता? झटका आला? घरात कुणाची औषधं आहेत? मी सगळं नीट सांगितलं. माझ्या साखरेच्या गोळ्या, ब्लडप्रेशरच्या गोळ्या, सगळ्या कुलपात, किल्ली लेकीकडे. तिची साखर तपासली, ती ठीक निघाली. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, खाण्यात काही वेगळं आलं का, काही गोड वगैरे? लेक शेजारीच उभी होती. घरात गोड येतच नाही, असं तीच म्हणाली. मीही मान हलवली. जेली क्षणभर मनात आली होती, पण ती म्हातारपणची झोपेची, पानाफुलांची, आणि डबीत बंद. पोर तिकडे मरणाच्या दारात आणि इथे माझ्या चोरून खाण्याची चौकशी कशाला.

डोक्याचा फोटो काढला, त्यात काही नाही. मग म्हणाले मेंदूला सूज असू शकते, मणक्यातून पाणी काढून बघावं लागेल. तिला कुशीवर वळवून, गुडघे पोटाशी दाबून धरायचं होतं. लेकीला बघवेना. जावयांनी धरलं. एवढी मोठी सुई आत गेली तरी पोरीने हूं की चूं केलं नाही. ती रडली असती तर बरं वाटलं असतं.

आज अजून तशीच आहे. नाकाला नळी, हाताला सलाईन, बोटाला चिमटा. यंत्र मध्येच वाजतं, नर्स धावत येते, तिला हलवते, म्हणते, घे, श्वास घे बाळा. लेक भिंतीला टेकून उभी आहे, बस म्हटलं तरी बसत नाही.

१३ तारीख, शुक्रवार

गांजा. पोरीच्या लघवीत गांजा निघाला.

डॉक्टरीणबाईंनी सांगितलं तेव्हा मला वाटलं कागदांची अदलाबदल झाली. पण त्या म्हणाल्या, पुन्हा तपासलं आहे, पोटात गेलाय, आणि लहान मुलांना एवढासाही भारी पडतो. जिवावरचं टळलंय, अंगातून उतरेल तशी जागी होईल. मी भिंतीला डोकं टेकून रडलो. आनंदाने रडलो की रागाने, ते मला सांगता येत नाही.

मग बालसुरक्षा विभागाच्या बाई आल्या. मवाळ बोलतात, पण सगळं लिहून घेतात. प्रत्येकाला वेगळ्या खोलीत बसवून विचारलं. घरात कुणी नशा करतं का? मी म्हटलं, मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं नाही, पण मी आंधळाही नाही. जावयांची संगत सांगितली, पहाटेचे लाल डोळे सांगितले, कपड्यांचा वास सांगितला. कुणाच्या तरी खिशातून पडलं असेल, हेही सांगितलं. खरं तेच सांगितलं. पोरीच्या जिवापुढे जावयाची भीड धरायची का?

जावयांनी स्वतःहून कबूल केलं की लग्नाआधी पार्ट्यांमध्ये ओढला होता, भिंगरी पोटात होती तेव्हापासून हात लावलेला नाही. लेकीला हे माहीत होतं म्हणे. मला कुणी बोललं नाही! त्यांचीही तपासणी केली, ती स्वच्छ आली. बाई म्हणाल्या, घरात आणणारा स्वतः घेतोच असं नाही. मला ते पटलं.

१४ तारीख, शनिवार

सकाळी डोळे उघडले. माझ्याकडे बघून म्हणाली, आबा, भूक. एवढे दोन शब्द, आणि मला त्या नर्सच्या पाया पडावंसं वाटलं. केळं खाल्लं, दूध प्याली, पुन्हा झोपली, पण ही झोप वेगळी, हात लावला की कूस बदलते.

डॉक्टरीणबाई लेकीला समजावत होत्या. हल्ली हा प्रकार नुसता ओढायचा राहिला नाही, म्हणाल्या, चॉकलेटात घालतात, बिस्किटात घालतात, जेलीत घालतात, पोरांना खाऊ वाटतो. ऐकून अंगाचा तिळपापड झाला. कुठल्या थराला गेलीत ही माणसं. जावयांच्या बॅगेत असलंच काहीतरी असणार, आणि पोरीने खाऊ समजून तोंडात टाकलं असणार.

चौकशी संपेपर्यंत जावयांनी वेगळं राहायचं, असं ठरलं. पोर आईजवळ राहील. बालसुरक्षेच्या बाई म्हणाल्या, आजोबा घरात आहेत, तेव्हा आम्हाला काळजी नाही. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

व्हरांड्यात लेकीने नवऱ्याला एकदाच विचारलं, "खरं सांग मला." तो म्हणाला, "काय सांगू?" तिने तोंड फिरवलं. तो काचेतून पोरीकडे बघून गेला. जाताना मला म्हणाला, बाबा, तिला जागं होताना एकटं ठेवू नका, घाबरते.

१६ तारीख, सोमवार

देवा, हे मी कसं लिहू.

काल पोरीला घरी आणलं. लेकीने आज रजा घेतली होती, पण दुपारी सामान आणायला खाली गेली. भिंगरी खाली बसून बटणं काढत होती. मी मशीनवर, पण आता तोंड तिच्याकडे करून. ती डब्यात हात घालून काहीतरी हुडकत होती. बटणं बाहेर फेकत होती. मी विचारलं, काय हरवलं गं?

म्हणाली, "आबा, खायचं बटण."

मी हसलो. बटण खातात का वेडाबाई, म्हटलं. तर म्हणाली, "लाल खातात. गोड आहे." आणि तळातली बॉबिनची डबी काढून, दातांनी झाकण उघडून तिने ती माझ्यापुढे धरली. आत एकच तुकडा राहिला होता, कोपऱ्यात चिकटलेला. मी किती ठेवले होते ते मला ठाऊक आहे. तिने बोट घातलं तशी मी डबी हिसकावली. ती भोकाड पसरून रडायला लागली. मी तिच्या तोंडात बोट फिरवून बघितलं, पुन्हा पुन्हा बघितलं.

लेक आल्यावर फिरायला जातो सांगून चष्मेवाल्याकडे गेलो. रुमालातला तुकडा त्याच्या काउंटरवर ठेवला आणि विचारलं, यात काय आहे? त्याने शटर अर्धं खाली ओढलं. तिथेच मला कळलं. म्हणाला, गांजाचा अर्क आहे, तिकडे दुकानात उघड मिळतो, म्हाताऱ्यांना डॉक्टरच सांगतात. मी म्हटलं, मला का नाही सांगितलंस? म्हणाला, सांगितलं असतं तर तू घेतला असतास का? मग भिंगरीचं त्याला सांगितलं. त्याने उरलेलं शटरही खाली ओढलं. म्हणाला, माझं नाव नको घेऊस, मुलीवर येईल. एवढ्या वर्षांत मी त्याच्यावर हात उचलला नव्हता. आजही नाही उचलला, पण हात वर गेला होता.

१७ तारीख, मंगळवार

आज काही लिहिण्यासारखं नाही.

नाही, लिहितो. सकाळपासून मी एकच हिशेब मांडतोय. पोर वाचली. डबी मी धुऊन फेकली. तुकडा मोरीत टाकला. चौकशी चालू राहील आणि एक दिवस थंड होईल. जावई तरुण आहे, त्याचं त्याचं बघेल. मी सांगितलं तर या घरातून मी जाणार. दुकान विकलं, खोली नाही, आणि या वयात पोरीशिवाय कुठल्या भिंतीशी बोलू? असा हिशेब. दोनदा तोंड उघडलं आणि दोन्ही वेळा चहा मागितला.

लेकीने बिनसाखरेचा आणून दिला. म्हणाली, बाबा, तुम्ही होतात म्हणून मी उभी राहिले.

१८ तारीख, बुधवार

सकाळी खिडकीतून बघितलं तर समोरच्या फुटपाथवर तो उभा होता. हातात ड्रमच्या काठ्यांची पिशवी, म्हणजे कामावरून थेट आलेला. वर यायला मनाई आहे, म्हणून खालून बघत होता. भिंगरीने त्याला पाहिलं आणि काचेला गाल लावून ओरडायला लागली, बाबा, ये, वर ये. तो हात हलवत होता. लेकीने येऊन पडदा ओढला. पडदा मीच शिवलेला.

ती म्हणाली, उद्या बालसुरक्षेच्या ऑफिसात जाऊन सांगून येते, त्याला परत घरात घेणार नाही म्हणून, एकदाचं संपवते. ओट्यापाशी उभ्याउभ्या पाव खात होती. कालपासून तिने तेवढंच खाल्लं होतं. मी म्हटलं, बस जरा. ती बसली नाही. मग तशीच सांगितली तिला सगळी हकीकत. जेली, चष्मेवाला, बटणांचा डबा. आधी वाटलं होतं की सांगताना रडू येईल, पण नाही आलं.

तिने हातातला पाव ओट्यावर ठेवला. मग हळू आवाजात म्हणाली, "डॉक्टरांनी विचारलं होतं, गोड काही खाल्लं का. तुम्ही मान हलवलीत."

मी म्हटलं, मला ठाऊक नव्हतं त्यात काय आहे.

"जेली आहे हे ठाऊक होतं ना? तेवढं बोलला असतात तर मणक्यात सुई घातली नसती त्यांनी. तुम्ही तिथेच होतात बाबा."

मला वाटलं होतं ती जावयावरून बोलेल. ते ती बोललीच नाही. सुईचंच बोलत राहिली, पुन्हा पुन्हा, आणि मग आत जाऊन झोपलेल्या पोरीचा फ्रॉक वर करून पाठीवरचा तो ठिपका बघत बसली. मी दारात उभा होतो. मला आत या म्हणाली नाही, जा म्हणाली नाही.

१९ तारीख, गुरुवार

ऑफिसात मी, लेक आणि तो. बाईंना सगळं सांगितलं. चष्मेवाल्याचं नावही सांगितलं, काय व्हायचं ते होवो. बाईंनी मधे एकदा लेखणी खाली ठेवून माझ्याकडे बघितलं. शेवटी म्हणाल्या, जावयांवरची मनाई आजच उठवते. पण यापुढे मुलगी तुमच्याजवळ एकटी राहणार नाही, हे लक्षात ठेवा. मान्य, म्हटलं. दुसरं काय म्हणणार.

बाहेर जिन्यावर मी त्याच्यापुढे हात जोडले. सासऱ्याने जावयापुढे जोडावेत तसे नाही, खरेखुरे. त्याने माझे हात खाली केले. म्हणाला, "तुमचं मी समजू शकतो. तुम्हाला मी कधी आवडलोच नाही." मग लेकीकडे न बघता म्हणाला, "हिला तरी मी माहीत होतो."

लेक कठड्याला धरून खाली बसली आणि हमसून हमसून रडायला लागली. हॉस्पिटलात एवढं होऊन ती रडली नव्हती. तो दोन पायऱ्या उतरला, थांबला, परत वर येऊन तिच्याशेजारी बसला. मध्ये एक माणूस मावेल एवढी जागा ठेवून बसला. मी खाली जाऊन गेटपाशी त्यांची वाट बघितली. हे मी उसवलंय, आणि मला शिवता येण्यासारखं नाही.

२३ तारीख, सोमवार

भिंगरीला पाळणाघरात घातलं. तिथल्या बाई चांगल्या आहेत असं म्हणतात. मी माझं सामान बांधून ठेवलंय, लेक काही बोलत नाही, म्हणून ते तसंच बांधलेलं आहे. जावई घरी आलाय. दोघं एकमेकांना जेवायला वाढतात, पाण्याचा पेला पुढे करतात, पाहुण्यांसारखं वागतात. चष्मेवाल्याकडे पोलीस येऊन गेले. दुकान बंद आहे.

घरात मशीनचा आवाज फार मोठा वाटतो.

२६ तारीख, गुरुवार

पाळणाघरातून रोज तक्रार. पोर जेवत नाही, दारापाशी बसून आबा आबा करते. काल घरी आल्यावर माझ्या मांडीवरून उतरेना. लेकीने सोडवून घेतली, पण तिचाही हात जड झाला होता. आत दोघांची बोलणी चालली होती. मी कान दिला, कबूल करतो. लेक म्हणत होती, माझी हिंमत होत नाही. तो म्हणाला, तिला आजोबा हवेत, तर मी बघतो काय करायचं.

३० तारीख, सोमवार

आज सकाळी भिंगरी पाळणाघरात गेली नाही. लेक लॉन्ड्रीत गेली. जाताना नवऱ्याच्या खांद्याला तिने हात लावला आणि त्याने तो झटकला नाही, एवढं मी बघितलं.

तो पहाटे आलेला. नेहमीसारखा आत जाऊन झोपेल असं मला वाटलं होतं. पण अंघोळ करून त्याने आतली खुर्ची उचलून आणली आणि माझी कॉट आणि मशीन यांच्या मधोमध ठेवून बसला. भिंगरी खोलीभर गोल गोल फिरत होती, माझ्याकडे येत होती, त्याच्याकडे जात होती, हसत होती. मी एका सदऱ्याची बाही लावायला घेतली.

थोड्या वेळाने त्याची मान कलंडायला लागली. रात्रभर वाजवून आलेला माणूस. डोळे मिटायचे, मान छातीवर पडायची, की दचकून तो सावरून बसायचा. उठून तोंडावर पाणी मारून आला. पुन्हा डुलकी. मग स्वतःच्या दंडाला चिमटा घेताना दिसला. माझा जीव तुटला. आजवर त्याला मी कधी अरे-तुरे केलं नव्हतं, तेवढी जवळीकच नव्हती. आज आपोआप तोंडून गेलं, "जा रे, आत जाऊन घटकाभर झोप. मी आहे ना."

त्याने माझ्याकडे बघितलं. रागाने नाही, अगदी शांतपणे.

"म्हणून तर बसलोय, बाबा."

मी मान हलवली आणि हातातली बाही पुरी केली.